मांजरांची नसबंदी : रत्नागिरीतील एका दवाखान्याच्या सेवेविषयी

गेल्या दीड वर्षात आमच्या घरची तीन आणि वाडीतली पाच अशी आठ मांजरे मी रत्नागिरी शहरातील एकाच खासगी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्यांची नसबंदी करून घेतली. आठ वेळा त्याच पायऱ्या चढल्यावर तेथे चांगले काय आणि उणे काय हे सांगण्याइतका अनुभव गाठीशी जमला आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दवाखान्याचे नाव मात्र लिहिणार नाही, आणि त्याचे कारण आधीच सांगते. तेथील डॉक्टर मॅडमनी मला तशी विनंती केली आहे. काही वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांचे नाव आणि पत्ता देऊन समाजमाध्यमावर त्यांच्याविषयी भरभरून लिहिले, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात सकाळी शटर उघडायला गेले की पायरीवर खोकी सापडू लागली. आंब्याचे रिकामे खोके, वरून सुतळीने बांधलेले, आणि आत डोळेही न उघडलेली पिल्ले. मांजराच्या पिल्लांचे डोळे उघडायला सात ते दहा दिवस लागतात, आणि तोवर त्यांना दर दोन-तीन तासांनी दूध पाजावे लागते, अंगाला ऊब द्यावी लागते, इतकेच काय, ओल्या कापसाने पुसल्याशिवाय त्यांना शी-शूसुद्धा होत नाही, कारण एरवी हे काम आई जिभेने चाटून करत असते. एक डॉक्टर आणि एक मदतनीस एवढ्यावर चालणाऱ्या दवाखान्याला हे जमणार कसे? त्या खोक्यांतली बहुतेक पिल्ले जगली नाहीत. खोके ठेवणाऱ्यांना मात्र आपण पिल्ले सुरक्षित हाती सोपवली असेच वाटत असणार.

मला या विषयाकडे ओढले ते बंदराने. आमच्याकडे नको असलेले मांजर सोडण्याची ठरलेली जागा म्हणजे मिरकरवाडा हे मासेमारी बंदर. ‘बंदरावर सोडू, मासे खाऊन जगेल’ हे वाक्य मी नात्यातल्या, शेजारच्या, चांगल्या सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे, आणि ते बोलताना त्यांच्या मनात वाईट काही नसते. पण मे महिना संपला की १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते आणि यांत्रिक बोटी दोन महिने किनाऱ्याला लागतात. जाळी गुंडाळून ताडपत्रीखाली जातात, बर्फ फोडण्याचा आवाज थांबतो, लिलाव बंद होतो आणि ज्या मासळीच्या भरवशावर मांजरे तेथे सोडली जातात ती मासळीच येईनाशी होते. त्यात नेमक्या त्याच दिवसांत सोडलेल्या मांजरांची संख्या वाढते, कारण उन्हाळ्यात व्यालेल्या मांजरीची पिल्ले तोवर दीड-दोन महिन्यांची होऊन घरभर धावू लागलेली असतात, आणि पावसाळ्यात ती घाण घरात नको असे घरोघर ठरते.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी बंदरावर गेले होते. ओढून ठेवलेल्या बोटींच्या सावलीत, पाऊस लागणार नाही अशा जागी, मांजरे अंग आखडून बसली होती. बंदरावर जन्मलेले मांजर माणसापासून चार हात लांब राहते, पण एक राखाडी पट्ट्यांची भाटी, म्हणजे मादी मांजर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पायाला अंग घासत होती. तिच्या गळ्यात लाल पट्टा होता आणि पट्ट्याला घुंगरू. पट्टा मानेत इतका सैल झाला होता की तिचा पुढचा पाय त्यात अडकून काखेखाली जखम झाली होती. कोणीतरी तिला हौसेने पट्टा घालून वाढवली होती, आणि तिला इथे आणून सोडताना तो काढायचेसुद्धा त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. मी ओट्याशी बसलेल्या मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “आठ दिस झाले, रिक्षेतून सोडून गेले. पहिले दोन दिस रिक्षा आली की धावत जायची.” मी तिला घरी आणली. ती गाभण होती. तिचे नाव आम्ही सुरमई ठेवले, आणि या दवाखान्याची पायरी मी पहिल्यांदा चढले ती तिच्याचसाठी.

सुरमईला चार पिल्ले झाली. दोन ओळखीच्या घरी दिली आणि एक बोका व एक भाटी आमच्याकडे राहिली. पिल्ले अंगावर पीत आहेत तोवर आई पुन्हा गाभण राहत नाही, अशी माझी समजूत होती. मॅडमनी ती पहिल्याच भेटीत दूर केली. पिल्ले पीत असतानाही मांजर माजावर येऊ शकते, म्हणून पिल्ले आठ आठवड्यांची होऊन खाऊ लागली की लगेच आईचे ऑपरेशन करायचे आणि तोपर्यंत तिला बाहेर सोडायचे नाही, असे त्यांनी बजावले. मग टेबलावरच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर हिशोब मांडून दाखवला. मांजराचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेताला साधारण तीन ते पाच पिल्ले होतात आणि त्यातली भाटी चार ते सहा महिन्यांची झाली की स्वतः माजावर येते. मांजराचा माज दिवसाच्या उजेडावर अवलंबून असतो, आणि आपल्याकडे थंडीतला दिवसही फारसा आखूड नसल्यामुळे वर्षातला बराच काळ मांजर पुन्हा पुन्हा माजावर येत राहते. बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच ओरडणे सुरू होते. म्हणजे ‘पिल्लू अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या घरात पुढचे वर्ष येईपर्यंत ते पिल्लू आई झालेले असते, आणि मग बंदराची वाट धरली जाते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. पहिली गोष्ट म्हणजे, या दवाखान्यात नुसते मांजर नेऊन ठेवले आणि संध्याकाळी उचलून आणले असे होत नाही. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी एक भेट सक्तीची आहे. त्या भेटीत वजन होते, हिरड्यांचा रंग पाहतात, छाती तपासतात, लसी झाल्या आहेत का विचारतात आणि एक वर्षावरील मांजराचे रक्त तपासायला पाठवतात. आमच्या बोक्याच्या वेळी मी ठरल्या दिवशी त्याला घेऊन गेले, तर तो दोनदा शिंकला. मॅडमनी त्याचे नाक-डोळे पाहिले आणि सर्दी पूर्ण बरी झाल्याशिवाय भूल देणार नाही म्हणून परत पाठवले. त्या दिवशी मला राग आला होता, कारण मी रजा टाकून आले होते. पण भुलीत श्वासाला अडथळा येणे किती धोक्याचे असते ते त्यांनी शांतपणे समजावले, आणि तपासणीचे पैसे दुसऱ्यांदा घेतले नाहीत. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी, दुसऱ्याच एका ठिकाणी माझ्या आधीच्या मांजरीचे ऑपरेशन झाले होते. तेथे कोणीही काही तपासले नव्हते आणि ती अर्धवट शुद्धीत असताना पिशवीत घालून माझ्या हाती दिली होती. त्यामुळे हा फरक मला जरा जास्तच जाणवला.

दुसरी गोष्ट म्हणजे सूचनांचा कागद. मराठीत, मोठ्या अक्षरांत छापलेला, आणि फ्रिजवर चिकटवता येईल एवढाच. मोठ्या मांजराला आदल्या रात्री दहानंतर खायला देऊ नये, पाणी सकाळी सहापर्यंत चालेल, पण पाच-सहा महिन्यांच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवू नये, कारण त्याच्या रक्तातली साखर उतरते, असा बारकावाही त्यात आहे. ऑपरेशननंतर तीन-चार दिवस शीच्या ट्रेमध्ये वाळू न घालता फाडलेले वर्तमानपत्र घालावे, म्हणजे जखमेत वाळू जात नाही, हेही लिहिले आहे. आणि सर्वांत वर, चौकटीत, एकच वाक्य आहे : मांजराला क्रोसिन किंवा पॅरासिटामॉलची कोणतीही गोळी देऊ नका, त्याने मांजर मरते. हे वाक्य प्रत्येक मांजर पाळणाऱ्याने पाठ करून ठेवावे. मांजराचे यकृत या औषधाचा निचरा करू शकत नाही, आणि आपल्या मापाची अर्धी गोळीही त्याचा जीव घ्यायला पुरे होते. ‘बिचारीला दुखत असेल’ अशा मायेपोटी ती दिली जाते, म्हणून तर ही चौकट इतकी महत्त्वाची आहे.

तिसरी गोष्ट सुरमईच्या ऑपरेशनच्या दिवसाची. मी बाहेर बाकावर बसले होते. पाऊण तासाने मदतनीस मामांनी मला आत बोलावले. सुरमई स्टीलच्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीला टेकून आडवी पडली होती, तिच्या पोटावरचे केस काढलेले होते, आणि तिचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. मी दारातच थबकले. मला वाटले, ती गेली. मामांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, “ताई, घाबरू नका. या भुलीत मांजराचे डोळे मिटत नाहीत. बुबुळ कोरडं पडू नये म्हणून मलम घातलंय, म्हणून ते असे चमकतात.” मग त्यांनी माझा हात धरून तिच्या फासळ्यांवर ठेवला. छाती हलत होती, संथ आणि एका लयीत. भुलीत मांजराचे अंग पटकन गार पडते म्हणून ती बाटली होती. बेंबीखाली जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची चीर होती आणि टाके आतल्या आत विरघळणारे होते. गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढलेले. ती स्वतःच्या पायावर उभी राहून चार पावले चालेपर्यंत त्यांनी तिला घरी सोडले नाही, आणि त्यासाठी आम्ही संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबलो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ऑपरेशने आठवड्यातून फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला रजा टाकल्यावाचून गत्यंतर नाही. बसण्याची खोली एकच आहे आणि तेथे कुत्री-मांजरे शेजारी शेजारी असतात. वाडीतले एक रानटी मांजर नेले होते तेव्हा समोरचे कुत्रे भुंकल्याबरोबर त्याने कॅरियरच्या जाळीवर इतक्या धडका दिल्या की त्याचे नाक फुटले. निदान एक पडदा किंवा मांजरांसाठी वेगळी वेळ ठेवणे अवघड नसावे. मांजराने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचा शंकूच्या आकाराचा कोन एकाच मापाचा मिळतो, तो लहान भाटीला मोठा होतो, आणि आमची धाकटी त्यातून पाय काढून टाके चाटू लागली. शेवटी जुन्या मोज्याला चार भोके पाडून तिला अंगरखा करून घातला आणि तो दहा दिवस टिकला. चौथ्या रात्री तिच्या जखमेला सूज दिसली तेव्हा मी नऊ वाजता फोन केला, पण तो उचलला गेला नाही. सकाळी आठला मॅडमचा स्वतःहून फोन आला आणि फोटो पाहून त्यांनी दिलासा दिला, पण ती रात्र फार लांबली. कागदावर एक रात्रीचा नंबर असायला हवा, किंवा रात्री काय झाले तर घाबरायचे आणि काय झाले तर सकाळपर्यंत थांबायचे, एवढे तरी लिहिलेले असावे.

खर्चाविषयी स्पष्ट लिहिते. भाटीचे मला रक्ततपासणी आणि औषधे धरून ३,८०० रुपये पडले, बोक्याचे २,२००. वाडीतल्या मालक नसलेल्या मांजरांचे मॅडमनी प्रत्येकी १,५०० घेतले आणि भुलीतच नसबंदी झाल्याची खूण म्हणून त्यांच्या डाव्या कानाचे टोक सरळ कापले, म्हणजे त्यांना पुन्हा कोणी पकडून भूल देणार नाही. हे पैसे थोडे नाहीत. ज्या घरात दिवसाची मजुरी पाचशे रुपये येते, त्यांना मी ‘एवढे तर करा’ असे तोंड वर करून सांगू शकत नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भर गुरांवर असतो, म्हणून या कामाला गावातल्या लोकांनी मिळून पैसे घालणे हाच मला दिसलेला मार्ग आहे. आमच्या वाडीत अकरा घरांनी वर्गणी काढली तेव्हा पाच मांजरांचे काम झाले, आणि गेल्या एप्रिल-मेमध्ये आमच्या पडवीत, माळ्यावर, लाकडांच्या ढिगात कोठेही नवे वेत झाले नाही.

कायदा काय म्हणतो तेही येथे सांगण्यासारखे आहे. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आजही लागू आहे आणि त्याच्या ११ व्या कलमात, भूक किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा छळ मानला आहे. म्हणजे जूनमध्ये बंदरावर मांजर सोडणे हा गुन्हाच आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे तो दहा ते पन्नास रुपयांचा. १९६० साली त्याला काही वजन असेल, आज तेवढ्यात मांजर सोडायला जाणारी रिक्षाही मिळत नाही. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे याला भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण सोडून देण्याकडे कोणी तशा नजरेने पाहत नाही. आपल्याकडे मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते असे म्हणत, आणि त्या धाकाने कितीतरी मांजरे वाचली असतील. पण त्याच धाकाने दुसरा मार्गही काढला. मारायचे नाही, मग पोत्यात घालून लांब सोडायचे. मी आठ वर्षांची असताना आमच्या काकांनी घरची मांजर अशीच नेली होती. पोत्याचे तोंड सुंभाने बांधले होते, आणि एस.टी.त माझ्या पायाशी ते पोते खाडीचा पूल येईपर्यंत हलत होते. पुलानंतर ते हलायचे थांबले, आणि काका म्हणाले की आता तिला वाट कळायची नाही. काका अतिशय मायाळू होते. सातव्या वेताची पिल्ले कोठे द्यायची हे त्यांना सुचत नव्हते, आणि त्या काळी आमच्या गावात मांजराचे ऑपरेशन होते हे कोणाला ठाऊकही नव्हते. आज ते ठाऊक आहे, आणि म्हणूनच आजच्या पोत्याला मला ती सूट देता येत नाही.

मॅडमना मी दोन प्रश्न विचारले होते, कारण ते मला सगळे विचारतात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत ना?’ याला त्यांचे उत्तर असे की तशी गरज असल्याचे वैद्यकशास्त्रात काहीही नाही, उलट मांजरीच्या स्तनांत होणाऱ्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या असतात आणि सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झाले तर त्यांचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी होतो. गर्भाशयात पू होण्याचा आजार तर गर्भाशयच नसल्यावर व्हायचा कसा? दुसरा प्रश्न ‘आमचा तर बोका आहे, पिल्ले काय आमच्या घरात होणार आहेत?’ हा. बोक्याची पिल्ले दुसऱ्याच्या घरात होतात आणि त्यांतली काही बंदरावर पोहोचतात, एवढेच याचे उत्तर आहे. शिवाय नसबंदी न केलेला बोका भिंतींवर फवारे मारतो, मैलभर भटकतो आणि मारामारीत कान फाडून घेतो. आमच्या बोक्याचे ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांत झाले. मात्र त्यानंतरही काही आठवडे बोक्यापासून पिल्ले होऊ शकतात, तेव्हा महिना-दीड महिना त्याला भाट्यांपासून वेगळा ठेवावा लागतो, आणि ही गोष्ट मॅडमनी विचारल्यावर सांगितली, कागदावर ती नव्हती. ती तेथे यायला हवी. ऑपरेशननंतर मांजराची भूक वाढते आणि अन्नाची गरज कमी होते, म्हणून खाणे साधारण पावपट कमी करावे लागते, हे मात्र कागदावर आहे. आम्ही ते नीट पाळले नाही आणि सुरमई आता चांगलीच गुटगुटीत झाली आहे.

हा दवाखाना मी कोणालाही डोळे मिटून सुचवेन, पण तो तुमच्या गावात नसेल. तेव्हा जेथे जाल तेथे चार गोष्टी विचारा : आधी तपासणी होते का, ऑपरेशननंतर दुखण्याचे औषध देतात का, मांजर पूर्ण शुद्धीवर आल्यावरच सोडतात का, आणि रात्री काही झाले तर कोणाला फोन करायचा. आमच्याकडच्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. मे महिन्यात येथे नंबर लागत नाही, कारण सगळ्यांना पावसाआधी उरकायचे असते. मार्चमध्येच तपासणी करून एप्रिलचा दिवस मागून घ्या. कॅरियर नसेल तर झाकण असलेली प्लॅस्टिकची टोपली चालते, आत तुमचा वापरलेला टॉवेल घाला आणि वरून चादर टाका. सुरमईला पहिल्यांदा रिक्षेत बसवले तेव्हा ती जिवाच्या आकांताने ओरडली होती. दुसऱ्या खेपेला टोपलीत माझी जुनी ओढणी होती, तर ती तिच्यात तोंड खुपसून दवाखान्यापर्यंत गप्प बसली.